मराठीत विचारलं की महाराष्ट्राचं उत्तर येतं: आपल्याकडची माणसं काय शोधतात आणि कुठं?

झेरॉक्सवाला

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, २००९ पासून. माणसं काय शोधतात, कुठं शोधतात आणि त्यांच्या हाती काय लागतं हे काउंटरवर बसून रोज बघतोय. गेल्या काही वर्षांत त्यात मोठा बदल झालाय. त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. परवा एक प्रसंग घडला आणि आज लिहायला बसलोच.

जांबोटीकडच्या एका गावातनं दोन बायका आल्या, सकाळची पहिली बस धरून. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशन कार्ड, पासबुक, दोन-दोन फोटो, सगळं रबर लावून नीट आणलेलं. थोरल्या मावशींनी पदराला हात पुसून फोन पुढं केला. त्यात एक मुलगी सांगत होती, बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येणार, अर्ज असा करा. "हे भरायचं हाय आमाला." मी आधार बघितलं. तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. म्हटलं, मावशी, ही लाडकी बहीण योजना महाराष्ट्राची, आपल्याला लागू नाही. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं, ते मराठीतनं सांगायलेत की."

मला काय बोलावं सुचलं नाही. त्या दिवसाची दोघींची मजुरी बुडाली होती. शक्ती योजनेमुळं बसचं तिकीट लागलं नाही, तेवढंच बरं.

चौकशी केली तर धाकटीला कर्नाटकची गृहलक्ष्मी मिळते, महिन्याला २०००. थोरलीला मात्र एकही हप्ता आलेला नाही. रेशन कार्ड उघडून बघितलं तर कुटुंबप्रमुख म्हणून अजून वारलेल्या सासूबाईंचं नाव. गृहलक्ष्मीला कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव असेल तीच बाई पात्र. म्हणजे आधी कार्ड दुरुस्त करायचं, मग अर्ज. एवढी एक गोष्ट. योजना ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली आणि आजवर ही गोष्ट त्यांच्या भाषेत त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्यांनी फोनला तोंडानं विचारलं होतं, "बायकांना पैसे कसे मिळत्यात." मराठीत विचारलं म्हणून मराठी व्हिडिओ आला, आणि मराठीत व्हिडिओ करणारे बहुतेक सगळे महाराष्ट्रातले.

पूर्वी गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "जरा नेटवर बघून सांगा." शोधायचं काम माझ्याकडं होतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्ष-दोन वर्षांत घरटी फोनवर नेट झालं. आता माणूस शोधून झाल्यावर येतो. हातात रील, नाही तर ग्रुपवर आलेला फोटो, आणि "हे करून द्या." शोध घरी झालेला असतो आणि तो चुकलेला असला तरी मला कळेपर्यंत त्यांची एक खेप झालेली असते.

तुमच्याकडं काय चित्र आहे? कुठल्या भाषेत शोधता, बोलून की टाइप करून, आणि हवं ते सापडतं का?

कडोलीचा शेतकरी

अगदी मनातलं लिहिलंत. शेतीत हाच घोळ दुसऱ्या रूपानं आहे.

आम्ही घरी सगळे 'सातबारा' म्हणतो. आजोबांच्या तोंडी बसलेला शब्द, मुंबई इलाख्यापासूनचा. फोनवर सातबारा शोधला की महाराष्ट्राची भूलेख साइट येते. त्यात जिल्हा निवडायला गेलं की बेळगाव नसणारच. आपल्याकडं २००० साली 'भूमी' प्रकल्पात जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर आले. त्याला सरकारी नाव आरटीसी, आणि कन्नडमध्ये 'पहाणी'. आता गंमत बघा, 'पहाणी' असं मराठीत शोधलं तर महाराष्ट्राची 'ई-पीक पाहणी' येते. तिकडं पाहणी म्हणजे शेतात उभ्या पिकाची नोंद. इकडं पहाणी म्हणजे उतारा. इकडं पीक नोंदवायचं त्याला 'बेळे समीक्षे' म्हणतात आणि त्याचं ॲप वेगळं. शब्द सारखा दिसतो आणि काम निराळंच निघतं.

माझ्या चुलतभावानं दोन वर्षांमागं महाराष्ट्राचं पीक पाहणीचं ॲप उतरवून घेतलं आणि आठ दिवस त्यात आपला गट नंबर शोधत बसला. त्या आठ दिवसांत इकडची नोंदीची मुदत संपत आली होती. मी गेलो म्हणून कळलं.

पावसाचंही तेच. मराठीत अंदाज ऐकायचा तर 'कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ'. आपण हवामान खात्याच्या हिशेबात 'उत्तर अंतर्गत कर्नाटका'त येतो. रताळी काढायच्या वेळी मी कोल्हापूरचा अंदाज ऐकतो आणि वर चंदगडच्या डोंगराकडं बघून आपलं ठरवतो. वडील असंच करायचे, फक्त त्यांच्याकडं रेडिओ होता.

पुण्यातला वडगावकर

मूळचा बेळगाव-वडगावचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. थोडं आतलं सांगतो, कारण यात कुणी मुद्दाम करतंय असा समज होऊ नये.

शोधयंत्र तुमचा प्रश्न घेतं, त्याची भाषा ओळखतं, तुम्ही कुठं आहात याचा अंदाज घेतं, आणि आपल्याकडं साठवलेल्या पानांतनं सगळ्यात जुळणारं पान वर काढतं. तुम्ही बेळगावात आहात हे त्याला बहुतेक वेळा कळलेलं असतं. अडचण पुढं येते. कर्नाटक सरकारची पानं कन्नड आणि इंग्रजीत. 'गृहलक्ष्मीसाठी रेशन कार्डावर नाव कसं बदलायचं' हे मराठीत समजावून सांगणारं पान वेबवर जवळपास नाहीच. जे नाही ते यंत्र आणणार कुठनं? मग भाषा जुळणारं, विषय जुळणारं आणि भरपूर लोकांनी बघितलेलं जे असेल ते वर येतं. म्हणजे महाराष्ट्राचं. मराठीत विचारणारा आणि कन्नडमध्ये लिहिणारं सरकार यांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि वेबवर रिकामी जागा कधी रिकामी राहत नाही. शेजारचं काहीतरी तिथं येऊन बसतं.

बोलून शोधणं वाढलंय हे झेरॉक्सवाला दादांचं निरीक्षण बरोबर आहे. गूगलनं मराठी आणि कन्नडसह आठ भारतीय भाषांना बोलून शोधायची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये दिली. त्याच्या आधी ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्यांच्यासाठी शोधयंत्र नव्हतंच. आता ज्यांना अक्षरओळख कमी तेही शोधतात, ही फार मोठी गोष्ट. खरं, बोलून विचारणारा माणूस दोन शब्द टाकत नाही, अख्खं वाक्य बोलतो. "माझं नाव रेशन कार्डात नाही तर काय करायचं" असं. गूगल बरीच वर्षं सांगत आलंय की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्यांनी पूर्वी कधीच पाहिलेले नसतात. आपल्या आयांचे प्रश्न त्यातलेच असणार.

आणि तरुण पोरं तर पेटीत टाइप करायच्या पलीकडं गेली. २०२२ मध्ये गूगलचेच वरिष्ठ अधिकारी प्रभाकर राघवन एका परिषदेत म्हणाले होते की त्यांच्या अभ्यासात जेवायला कुठं जायचं हे शोधताना जवळपास ४० टक्के तरुण गूगलकडं न येता टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामवर जातात. तो आकडा अमेरिकेतल्या तरुणांचा. आपल्याकडं टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाचे रील्स आले, आणि सवय तिथं जाऊन बसली.

लोंढा जंक्शन

+१. एक साधं करून बघा. नुसतं 'खानापूर' टाका, सांगली जिल्ह्यातलं, विट्याजवळचं खानापूर येतं. 'शहापूर' टाका, ठाणे जिल्ह्यातलं येतं, नाही तर यादगीरचं. 'वडगाव' तर विचारूच नका. आपल्या गावांची नावं आपल्याच भाषेत दुसऱ्याची झाल्यागत वाटतं.

आरपीडी कॉर्नर

मी कॉलेजला आहे, वय २०. आमच्या बाजूनं लिहिते.

हो, आम्ही इन्स्टावरच शोधतो. कुंदा कुठं चांगला मिळतो, कुठल्या गल्लीत लग्नाचे ब्लाउज शिवून मिळतात, कुठल्या क्लासची फी किती. कारण तिथं दुकान दिसतं, माणूस दिसतो, आणि खाली कमेंटमध्ये गावातलीच कुणीतरी लिहिते की "गेल्या महिन्यात गेले होते, बंद आहे". ती एक कमेंट आम्हाला दहा पानांपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. आळस म्हणू नका कृपया. आम्ही आमच्या परीनं पडताळणी करतो.

जिथं फसतो तेही सांगते. रीलवर तारीख पटकन दिसत नाही. माझ्या मैत्रिणीनं शिष्यवृत्तीचं रील बघून कागद गोळा केले. रील मागच्या वर्षीचं होतं आणि दुसऱ्या राज्याचं होतं. उत्पन्नाचा दाखला काढायला तिचे वडील दोनदा नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या इकडच्या सरकारी कचेरीत गेले होते.

आता मी बरंच एआयला विचारते. तिथंही सुरुवातीला हेच झालं. "जातीचा दाखला कुठं मिळतो" असं मराठीत विचारलं तर सेतू केंद्र, तलाठी, महाराष्ट्राचं पोर्टल, सगळं अगदी ठामपणे सांगितलं. उत्तर इतकं नीटनेटकं होतं की मी आईला वाचून दाखवलं. मग बाबा म्हणाले, "अगं, ते आपलं नव्हं." तेव्हापासनं पहिलं वाक्य ठरलेलं: "मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात राहते, उत्तर मराठीत दे." मग नाडकचेरी, सेवासिंधू (कर्नाटक सरकारचं पोर्टल) असं येतं. एवढं एक वाक्य टाकलं तर फरक पडतो. घरातल्या मोठ्यांना हे शिकवा.

सांबऱ्याचा ॲडमिन

गावच्या व्हॉट्सअप ग्रुपचा ॲडमिन आहे, सहा वर्षं. आमच्याकडं खरं शोधयंत्र म्हणजे हा ग्रुप. लाइट कधी येणार, रेशनचं तांदूळ आलं का, डॉक्टर आज बसलेत का, विमानतळाच्या रस्त्याला ट्राफिक आहे का. कुणीतरी विचारतं, दोन मिनिटांत कुणीतरी सांगतं. आणि जे सांगतं त्याला आपण ओळखतो. अमक्याचा पोरगा, तमक्याची सून. चुकीचं सांगितलं तर संध्याकाळी देवळापुढं गाठ पडते.

माझी खंत वेगळी आहे. तिथं सांगितलेलं सगळं वाहून जातं. तोच प्रश्न आठवड्यात चार वेळा येतो आणि चौथ्यांदा उत्तर द्यायला कुणाचं मन होत नाही. गेल्या वर्षी आमच्या गावातल्या एका निवृत्त कारकुनांनी वारसा नोंद कशी करायची यावर सात मेसेज लिहिले. पायरी पायरीनं, कुठला कागद आधी, कुठला नंतर, किती दिवसांनी चौकशीला जायचं. तसं मी कुठंच वाचलेलं नाही. आज तुम्ही शोधा, मिळणार नाही. मी फोन बदलला तेव्हा माझ्याकडनं गेलं. ते काका आता नाहीत.

ग्रुपमधलं बाहेरच्या कुठल्याच शोधात येत नाही. आत आलेली खोटी बातमी मात्र बाहेरनं येते आणि बाहेर जाते. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. त्यानं वेग कमी झाला, हे मी ॲडमिन म्हणून सांगू शकतो. खरं, खरी माहिती टिकवायची सोय त्यानं झाली नाही.

निपाणीची बाई

मी निपाणी भागात मराठी शाळेत शिकवते. मुलांचं लिहिलंच पाहिजे, कारण त्यांचं नुकसान कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आमची मुलं मराठी माध्यमाची, परीक्षा कर्नाटकची. पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची, मराठीत भाषांतर केलेली, आणि वरच्या वर्गांत गणित-विज्ञान एनसीईआरटीच्या धर्तीचं. मुलगा घरी जाऊन फोनला म्हणतो, "दहावी विज्ञान पहिला धडा." त्याला बालभारतीचा पहिला धडा मिळतो. तिकडं दहावीला विज्ञानाची दोन पुस्तकं, भाग एक नि भाग दोन. आमच्याकडची मांडणी निराळी. धड्यांचा क्रम वेगळा, काही ठिकाणी परिभाषा वेगळी. हुशार मुलगा गोंधळतो आणि गप्प बसतो. त्याला वाटतं आपल्यालाच कळत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीनं रासायनिक अभिक्रियेच्या धड्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा व्हिडिओ तीनदा बघितला होता. वहीत टिपणं काढलेली, लाल शाईनं अधोरेखित केलेली, अक्षर मोत्यासारखं. मला म्हणाली, "बाई, ह्यातलं एक पण आपल्या पुस्तकात नाही हो." मी तिला जवळ बसवलं आणि शोधायचं कसं ते दाखवलं. धड्याचा नंबर टाकायचा नाही, धड्याचं नाव टाकायचं, आणि त्याच्यापुढं एसएसएलसी (म्हणजे कर्नाटकची दहावी) किंवा एनसीईआरटी. निकालाच्या दिवशी तर कितीतरी घरं 'दहावी निकाल' टाकून महाराष्ट्र मंडळाच्या तारखा बघत बसतात. आपला तो एसएसएलसीचा, त्याची साइट वेगळी, दिवस वेगळा.

आमच्या मराठी शाळांतली पटसंख्या घटतेय. पालक म्हणतात, मराठीत पुढं काय मिळतं? मुलाला घरी अभ्यासाला आधार मिळाला नाही की तो प्रश्न आणखी धारदार होतो.

मलप्रभा

सगळ्यांचं पटलं. माझा अनुभव थोडा वेगळा. माझं शिक्षण कन्नड माध्यमात झालं, घरात मराठी. मी डोक्यात मराठीत विचार करते आणि शोधते कन्नडमध्ये. सरकारी कामाचं सगळं मिनिटात मिळतं. म्हणून सांगते, अख्खी भाषा यायला हवी असं नाही, मोजके शब्द पाठ असले तरी पुष्कळ. रेशन कार्ड म्हणजे 'पडितर चीटी'. निकाल म्हणजे 'फलितांश'. पेन्शन म्हणजे 'पिंचणी'. पिकाची नुकसानभरपाई म्हणजे 'बेळे परिहार'. फोनच्या माइकची भाषा कन्नड करून हे शब्द तोंडानं बोलले तरी लिपी यायची गरज नाही. आलेलं पान भाषांतराला टाकलं की मराठीत कामापुरतं कळतं. शेजारणीकडनं शिका, बाजारात आपण कन्नड बोलतोच की.

टिळकवाडी

मलप्रभाताई, तुमचा सल्ला कामाचा आहे आणि मी तो आईला सांगणारही आहे. तरी एक नोंदवून ठेवतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे या देशात मान्य झालेलं जुनं तत्त्व आहे. घटनेच्या ३५०व्या कलमानं आपल्या भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलाय. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणूस किती आहे हे सांगायला नको. कागदावर परिपत्रक मराठीत मागण्यासाठी इथं किती निवेदनं दिली गेली, किती मोर्चे निघाले. आता परिपत्रक वाचतो कोण? माणूस फोनला विचारतो. तेव्हा मागणी फलकापुरती आणि कागदापुरती ठेवून चालणार नाही. योजनेचं पान, ॲप, मदतीचा नंबर, हे मराठीत हवं. हा हक्काचा भाग झाला.

मलप्रभा

हक्काला माझा विरोध मुळीच नाही, दादा. मला त्या जांबोटीच्या मावशींचा पुढचा हप्ता दिसतोय. हक्क मिळेपर्यंत त्यांनी काय करायचं, एवढंच माझं म्हणणं.

टिळकवाडी

मान्य. दोन्ही करू.

चंदगडची सून

माहेर खानापूर तालुका, सासर चंदगड. मूळ धाग्यात एक भर घालते, नाहीतर वाचून कुणीतरी हक्काचे पैसे सोडून देईल.

लाडकी बहीणसाठी बाईचा जन्म परराज्यातला असला तरी नवरा महाराष्ट्राचा रहिवासी असेल तर त्याच्या कागदांवर अर्ज चालतो. सुरुवातीला आम्हा सीमेपलीकडनं आलेल्या सुनांना सगळ्यांनी "तुमचं होणार नाही" म्हणून सांगितलं होतं. २०२४ च्या जुलैत ती दुरुस्ती झाली. आमच्या गावात निम्म्या सुना कर्नाटकातल्या! आणि उलट, महाराष्ट्रातनं बेळगाव भागात दिलेल्या लेकी, त्यांचं नाव सासरच्या रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून असेल तर गृहलक्ष्मीला पात्र. म्हणजे नुसतं "ही योजना आपली नव्हे" म्हणून भागत नाही. कोण कुठं नांदते ते विचारायला लागतं. हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं मी बघितलं नाही. सीमेवर सोयरिकी किती आहेत हे व्हिडिओ करणाऱ्यांना ठाऊक नसावं.

कारवारी

वाचतोय. आमच्याकडं तर घरात कोकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड, ऑफिसात कन्नड. गूगलच्या भाषांतरात कोकणी आली ती मे २०२२ ला. त्याआधी आजी फोनला कोकणीत बोलायची आणि तो तिचं मराठी समजून भलतंच लिहायचा.

पुण्यातला वडगावकर

सांबऱ्याच्या ॲडमिन दादांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यावर जरा.

आपल्याकडं माहिती नाही असं नाहीये. फार आहे. फक्त ती शोधता येईल अशा जागी नाही. हे आजचं नाही. आठवतंय का, २००० च्या आसपास मराठी साइट्स आपापल्या फॉन्टमध्ये असायच्या. फॉन्ट उतरवून घेतला तर मराठी दिसायचं, नाहीतर सगळी विचित्र चिन्हं. शोधयंत्राला त्यात मराठी दिसतच नव्हतं. युनिकोड रुळल्यावर ती अडचण गेली, तोवर कित्येक वर्षांचा मजकूर हरवून बसला. मग ई-पेपर आले, त्यात बातमी म्हणजे पानाचं चित्र. शंभर वर्षांहून जास्त काळ बेळगावातनं मराठी वर्तमानपत्र निघतंय. त्यातलं किती शोधात येतं? आणि आता ग्रुप नि रील. फॉन्ट गेला, चित्र आलं, चित्र गेलं, बंद दार आलं. दर खेपेला सीमाभागाचं मराठी लिहिणं शोधाच्या बाहेरच राहिलं.

नावाचाही परिणाम आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी. आपण लिहितो बेळगाव. इंग्रजीत जुनं स्पेलिंग एक, नवं दुसरं. एकाच गावाची माहिती तीन-चार नावांखाली विखुरलेली. पान लिहाल तेव्हा दोन्ही नावं घाला.

कुणी गूगल ट्रेंड्स बघून "बघा, हे कुणी शोधतच नाही" म्हणालं तर ऐकू नका. तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसतात. निवडलेल्या काळातल्या सगळ्यात वरच्या टोकाला १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवतात, आणि फार थोडे शोध असले की सरळ शून्य. आपल्या तालुक्यांतले मराठी प्रश्न त्या शून्यात असतात. शून्य दिसलं म्हणजे विचारणारं कुणी नाही असा अर्थ होत नाही.

मी एक साधी साइट उभी करून देतो. जाहिरात नाही, लॉगिन नाही. साधा मजकूर, जुन्या फोनवरही उघडेल असा. लिहायचं तुम्ही.

कडोलीचा शेतकरी

पहाणी, बेळे समीक्षे आणि एफआयडी (शेतकऱ्याचा ओळख नंबर), ही तीन माझी. रविवारपर्यंत लिहून देतो. आमच्या गावच्या ग्राम प्रशासन अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामलेखाधिकारी, म्हणजे आपले तलाठी) एकदा वाचून दाखवतो, चूक नको.

निपाणीची बाई

दहावी विज्ञानाच्या धड्यांची यादी मी करते. प्रत्येक धड्यापुढं तोच भाग शिकवणारे मराठी व्हिडिओ कुठले ते. आमच्या भागातल्या आणखी दोन शिक्षिका मदतीला आहेत.

झेरॉक्सवाला

चार दिवसांनी लिहितोय, दुकानात गर्दी होती.

थोरल्या मावशींचं रेशन कार्ड दुरुस्तीला गेलं. सासूबाईंचा मृत्यू दाखला सापडत नव्हता, तो ग्रामपंचायतीतनं काढून आणावा लागला. कार्ड हातात आलं की अर्ज मी भरणार आहे.

वडगावकर दादा, तुमच्या साइटसाठी मी गृहलक्ष्मीचं पान लिहिलं. दीड पान झालं. काउंटरवर मावशींना दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "मला वाचाय येत न्हाई बाळ. तू बोल की ह्यात." आणि फोन पुढं केला.

मग मी त्यांच्याच फोनवर बोललो. "रेशन कार्ड काढा. पहिलं नाव कुणाचं हाय बघा. ते नाव तुमचं नसंल तर पैसे येणार न्हाईत. आधी नाव बदलून घ्या. त्याला हे हे कागद लागत्यात. नवरा किंवा तुम्ही आयकर भरत असाल तर हे तुमच्यासाठी नव्हं. ही योजना कर्नाटकची हाय, आपल्या हितली." मिनिटभर झालं असेल. पुस्तकी मराठीत नाही, आपण बोलतो तसंच. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या ते बचत गटाच्या ग्रुपवर सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या तिघी आल्या, रेशन कार्ड घेऊन. एकीचं बरोबर निघालं, दोघींचं चुकलेलं.

तेव्हा साइटवर प्रत्येक पानाला वर एक बटण ठेवा, दाबलं की आवाज येईल असं. आवाज आपल्याकडचाच असू दे. मी उद्यापासनं रोज रात्री दुकान बंद करताना एक रेकॉर्ड करतो.

आरपीडी कॉर्नर

दादा, आवाज तुमचा आणि वर अक्षरं टाकून मी त्याची रील करते. पहिल्याच फ्रेमवर तारीख आणि "कर्नाटक, बेळगाव जिल्हा" मोठ्या अक्षरात. म्हणजे चंदगडच्या बायका आमचं बघून चुकणार नाहीत.

चंदगडची सून

आणि चंदगडच्या बाजूचं मी बोलते. 'लेक तिकडं दिली असेल तर' आणि 'सून तिकडनं आणली असेल तर', असे दोन वेगळे करू.

सांबऱ्याचा ॲडमिन

त्या कारकून काकांच्या सात मेसेजपैकी चार मिळाले. त्यांच्या पुतण्याच्या जुन्या फोनात होते, स्क्रीन फुटलेली, चार्जिंगला लावून ठेवला तरच चालू राहतो. आज संध्याकाळी बसून उतरवून घेतले. पाचवा अर्धाच आहे, "हरकत आली नाही तर मग" इथं तुटतो. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यात अलीकडं कुणी वारसा नोंद करून घेतली असेल तर पुढचं सांगा. नोटिशीनंतर किती दिवस थांबायला लागलं आणि मग कुठं जायचं?

लोंढा जंक्शन

आमची गेल्या श्रावणात झाली. वडिलांना विचारून उद्या लिहितो. कागदांची फाइल त्यांच्याकडं आहे.